ताई, एक विचारू का? : सोन्याचं नाणं, एक्सपायरी आणि लेडीज डबा

या वेळी पत्रं जास्त आली, दिवाळी नुकतीच होऊन गेलीय आणि नाताळ तोंडावर आलाय, दोन सणांच्या मधे माणूस जरा हलतोच. जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच, की ताई जगात राहायचं तर जगासारखं वागल्याशिवाय जमतं कसं. नेहमीप्रमाणे नावं काढून टाकलीयेत. मी पाळक, म्हणजे चर्चची पास्टर, नाही, मी बॅंकेच्या कॅश काउंटरवर बसून रिटायर झालेली बाई आहे, तेव्हा उपदेश हवा असेल तर रविवारी देवळात मिळेल, इथे हिशोब मिळेल.

प्रश्न : ताई, मी घणसोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत पर्चेसला आहे, नऊ वर्षं झाली. आमच्याकडे पॅकिंगचे बॉक्स देणारा एक जुना व्हेंडर आहे, माणूस वाईट नाही, माल वेळेवर देतो. यंदा तीन कोटेशनं आली त्यात त्याचा रेट बॉक्समागे ४० पैसे जास्त होता तरी मी त्यालाच दिलं कारण क्वालिटी माहितीये आणि खरं सांगायचं तर नवीन माणसाबरोबर डोकं लावायचा कंटाळा. दिवाळीत तो घरी मिठाई देऊन गेला, मी घरी नव्हतो. बायकोने बॉक्स उघडला तर काजूकतलीच्या खाली ५ ग्रॅमचं सोन्याचं नाणं. मी परत देतो म्हटलं तर ती म्हणाली, तुम्ही मागितलं होतं का, नाही ना, मग ही देवाची देणगी समजा, मुलीची फी भरायचीय. ऑफिसमधे विचारलं तर सगळे हसले, तुला आत्ता मिळालं का म्हणे. आमच्या चर्चच्या मंडळीत मी पंच कमिटीवर आहे. तीन आठवडे झाले, नाणं कपाटात साड्यांखाली आहे. मी लाच मागितली नाही, घेतलीही नाही, मग मला झोप का येत नाही?

उत्तर : दादा, झोप येत नाही ही चांगली गोष्ट आहे, येत असती तर मला काळजी वाटली असती.

आधी आकडा करू. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की महिन्याला साधारण ६०,००० बॉक्स लागतात. ६०,००० गुणिले ४० पैसे, म्हणजे २४,००० रुपये महिना, वर्षाचे २,८८,०००. आता मला सांगा ते नाणं कुणाच्या पैशाचं? व्हेंडरने खिशातून नाही दिलेलं, तुमच्याच कंपनीच्या पैशातला एक छोटा तुकडा त्याने काजूकतलीखाली ठेवून तुम्हाला परत केला. तुम्ही म्हणता क्वालिटीसाठी दिलं, असेलही, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही, पण पुढच्या वर्षी कोटेशनं उघडताना ते नाणं टेबलावर बसलेलं असणार, आणि क्वालिटी म्हणजे काय ते तुमच्याऐवजी ते ठरवणार. मोहाचं कामच असं असतं, आजचा निर्णय तो विकत घेत नाही, पुढचा घेतो.

दुसरं म्हणजे ते साड्यांखाली. हे वाचलं आणि मला बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातला, सातव्या अध्यायातला आखान आठवला. यरीहोच्या लुटीत त्याला एक शिनारी झगा, २०० शेकेल रुपं म्हणजे चांदी आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट दिसली. पकडला गेल्यावर तो स्वतःच सांगतो की दिसलं, लोभ सुटला, घेतलं, आणि डेऱ्यात जमिनीत पुरून ठेवलं. चार क्रियापदं आहेत बघा. तुम्ही म्हणता मी घेतलं नाही, बरोबर आहे, तुमच्या बाबतीत मधली दोन गळाली, पण पुरण्यापर्यंत तुम्ही पोचलात. जी वस्तू स्वच्छ असते ती माणूस साड्यांखाली ठेवत नाही. देवाची देणगी असती तर शेजाऱ्यांना दाखवली असती.

वहिनींवर चिडू नका मात्र. फीचा आकडा रोज डोळ्यासमोर त्यांच्या असतो, आणि ‘देवाने दिलं’ हे वाक्य मीही म्हटलेलं आहे, तेही जास्त निर्लज्जपणे.

१९९४ सालची गोष्ट. ठाण्यातल्या एका शाखेत मी कॅशला होते. महिन्याची पहिली तारीख, काउंटरवर ही गर्दी, संध्याकाळी कॅश मोजली तर ५०० जास्त. कॅश शॉर्ट आली तर कॅशियर खिशातून भरतो, हे सगळ्यांना माहितीये, आणि आदल्याच महिन्यात मी ३०० भरले होते. जास्त आली तर रीतसर वेगळ्या खात्यात जमा करायची असते. मी नाही केली. पाचशेची ती एक नोट डब्याच्या पिशवीत टाकली आणि स्वतःला सांगितलं की देवाने माझे ३०० व्याजासकट परत केले. दोन दिवस छान होते मी, अगदी प्रार्थनाही केली. तिसऱ्या दिवशी चेंदणीची एक कोळीण आली, मासळीची पाटी बाहेर ठेवून, हात पदराला पुसत काउंटरशी उभी राहिली आणि अगदी हळू विचारलं, “बाय, माजे पाश्शे रुपये तुजेकडं तर नाय ना आले गो?” मी पिशवीतून नोट काढून दिली. पण कशी दिली ऐका, म्हटलं, “अगं आत्ताच सापडली बघ, तुलाच शोधत होते.” तिने मला तोंड भरून आशीर्वाद दिला, देव तुझं भलं करो म्हणाली. पैसे परत गेले पण ते खोटं अजून माझ्याकडेच आहे, ते कुठल्या काउंटरला भरायचं ते कळलेलं नाही.

म्हणून सांगते की परत करताना गोष्ट रचू नका. ‘आत्ताच बघितलं’ असं लिहू नका, तीन आठवडे झाले तर तीन आठवडेच लिहा. मेल एवढाच करा: दिवाळीची मिठाई मिळाली, धन्यवाद, त्यात एक नाणं होतं ते मला घेता येत नाही, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, परत पाठवतो आहे. सीसीमधे तुमचे साहेब. त्या सीसीमधेच सगळं आहे, कारण एकदा तो टाकला की पुढच्या दिवाळीला कुणी प्रयत्नच करणार नाही आणि तुम्हाला पुन्हा पुन्हा शूर व्हावं लागणार नाही. बऱ्याच कंपन्यांत गिफ्टची पॉलिसी असते, एचआरला विचारून घ्या. आणि तो ४० पैशांचा विषयही साहेबांसमोर उघडा ठेवा, क्वालिटीमुळेच दिलं असेल तर तसं कागदावर येऊ दे. त्रास होईल का? होऊ शकतो. ऑफिसमधे महिनाभर तुम्हाला ‘फादर’ म्हणतील, प्रोटेस्टंट असलात तरी.

मुलीच्या फीचं मंडळीत कुणाला तरी बोला. पंच कमिटीवर असलेल्या माणसाने मदत मागू नये असं कुठे लिहिलंय, मला तरी दाखवा.

प्रश्न : ताई मी २४ वर्षांचा, कोपरखैरणे. ऐरोलीला आयटी पार्कमधे जॉब. एका मित्राने शेअर बाजारातले ऑप्शन्स शिकवले, पहिल्या आठवड्यात ११,००० सुटले मग चटकच लागली. आत्तापर्यंत १,४०,००० गेलेत, घरी माहिती नाही. मी चर्चच्या तरुण संघाचा खजिनदार आहे, नाताळच्या कॅरोलसाठी बस आणि नाश्त्याचे ८,५०० जमा होते ते मी फक्त फिरवलेत, रिकव्हर झालं की लगेच टाकणार. मी रोज प्रार्थना करतो, देवाला शब्द पण दिलाय की प्रॉफिट झाला तर कमाईचा दशांश नाही, डबल दशांश देईन. देव ऐकत का नाही?

उत्तर : बाळा, देवाला पार्टनर करून घेऊ नकोस, तो असल्या धंद्यात भांडवल घालत नाही.

तुझ्या पत्रातला ‘फिरवलेत’ हा शब्द मी तीनदा वाचला. कॅशच्या धंद्यात असा शब्दच नसतो. संध्याकाळी पेटीत पैसे असतात किंवा नसतात, नसले तर त्याला शॉर्ट म्हणतात, आणि दुसऱ्याचे असून नसले तर त्याला काय म्हणतात ते तुला माहितीये. वाईट वाटेल पण हे मी गोड करून सांगणार नाही. कारण १,४०,००० हा तुझा तोटा आहे, ८,५०० हे मात्र संडे स्कूलच्या पोरांच्या आईबापांनी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर करून दिलेले आहेत.

तू एकटा मूर्ख नाहीस हेही सांगते. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मधे अभ्यास प्रसिद्ध केला त्यात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अॅंड ओमधे, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समधे, उतरलेल्या तुझ्यामाझ्यासारख्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, सरासरी माणशी २ लाखाच्या आसपास, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. शंभरात त्र्याण्णव! तू ज्या देवाकडे प्रॉफिट मागतोयस त्याच्याकडे बाकीचे त्र्याण्णवही मागतच असतील ना. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर तरी २०२५ च्या ऑगस्टमधे संसदेने कायदा करून बंदी आणली, हे मात्र कायदेशीर आहे, त्यामुळे इथे तुला सरकार वाचवणार नाही.

पौलाने तीमथ्याला लिहिलंय ना, जे धनवान होऊ पाहतात ते परीक्षेत आणि पाशात पडतात. त्यातलं ‘होऊ पाहतात’ बघ. धनवान असणाऱ्यांबद्दल नाही ते वाक्य, तुझ्याबद्दल आहे, सौद्याची मुदत संपते त्या एक्सपायरीच्या दिवशी ऑफिसच्या टॉयलेटमधे मोबाईल घेऊन बसणाऱ्याबद्दल.

आज काय करायचं ते सांगते, उद्या नाही. ब्रोकरच्या अॅपमधे एफ अॅंड ओचा सेगमेंट बंद करता येतो, तो बंद कर, ‘एकदा रिकव्हर होऊ दे मग’ असं अजिबात नाही. मग तरुण संघाच्या सेक्रेटरीला फोन कर, पाळकांना सांग, ८,५०० कमी आहेत, मी वापरलेत, पगाराच्या तारखेला देतो, आणि खजिनदारकी आजपासून दुसऱ्याला द्या. हो, पद सोड. तुला शिक्षा म्हणून नाही रे, दारू सोडणारा माणूस बारमधे नोकरी करत नाही म्हणून. लोन अॅपकडे चुकूनही जाऊ नकोस. आणि घरी आईला सांगताना पूर्ण आकडा सांग, निम्मा सांगून बघू असं करू नकोस, उरलेला निम्मा तुला पुन्हा त्याच अॅपमधे घेऊन जाईल.

मंडळीत काही लोक बोलतील. बोलू देत. चार महिन्यांनी त्यांना दुसरा कुणीतरी सापडतो.

प्रश्न : वय ६७, नेरूळ. रात्री झोप येत नाही म्हणून रील्स बघते ते दोन वाजतात, सकाळी शास्त्रवाचन राहून जातं. हा पण जगाचा मोह आहे का?

उत्तर : आहे, आणि मला तुमच्याइतकाच आहे. परवा मी साडेबाराला एका बाईला पन्नास किलो लोणचं घालताना बघत होते, मला लोणचं खायला डॉक्टरांनी बंदी केलीय. मी आता मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते, ओट्याजवळ, आणि गजरासाठी साधं घड्याळ आणलंय. रात्री उठून स्वयंपाकघरापर्यंत जायला गुडघे तयार होत नाहीत. देव आपल्या गुडघ्यांचाही उपयोग करून घेतो.

प्रश्न : ताई, कृपा करून गाव छापू नका. मी ३६, दोन मुलं. रोज ठाण्याहून वाशी लोकल पकडते. ऑफिसमधले एक जण ऐरोलीला चढतात. ते खूप समजूतदार आहेत, माझं ऐकून घेतात. मिस्टर वाईट नाहीत पण नाईट शिफ्ट, बोलणंच होत नाही. काहीच झालेलं नाही, शपथ. फक्त गेले काही महिने मी लेडीज डब्यात चढत नाही. मी रोज प्रार्थना करते की हे विचार जाऊ देत, जात नाहीत.

उत्तर : बाई गं, तुमचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. लेडीज डब्यात चढा.

मी थट्टा करत नाहीये. आपण प्रार्थना करतो की विचार जाऊ देत, आणि पाय मात्र रोज प्लॅटफॉर्मवर त्याच जागी नेऊन उभे करतो. पोटीफरच्या बायकोने योसेफाला धरलं तेव्हा त्याने तिथे बसून मन शुद्ध करायचा प्रयत्न केला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला. आणि दावीद, ज्याने गल्याथाला पाडलं, तो दुसऱ्याच्या बायकोपायी कुठे घसरला? गच्चीवर. राजे लढाईला जातात त्या दिवसांत सगळं सैन्य राब्बाला आणि हा यरुशलेमेत, संध्याकाळी पलंगावरून उठून फिरतोय. जिथे असायला हवं होतं तिथे नव्हता, एवढीच सुरुवात. तुमचा पण डबाच बदललाय अजून, बाकी काही नाही, तेव्हा परत बदलणं आत्ता सोपं आहे. पहिल्या दिवशी ते फोन करून विचारतील कुठे आहात म्हणून. कारण देऊ नका, ‘मी आता लेडीजनेच येणार’ एवढं पुरे. ऑफिसमधे काम तेवढं बोला.

लहानपणी आम्ही प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्हाला परीक्षेत आणू नकोस’ म्हणायचो ते मला खरोखर शाळेच्या परीक्षेबद्दल वाटायचं, गणिताच्या पेपरला मी ती ओळ दोनदा म्हणायचे. पुढे पाळकांकडून कळलं की नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधे परीक्षा आणि मोह दोन्हींना एकच शब्द आहे. पण गंमत बघा, प्रभूने ‘परीक्षेत पास कर’ अशी प्रार्थना शिकवली नाही, ‘परीक्षेत आणूच नकोस’ अशी शिकवली. आपल्याला मात्र हॉलमधे जाऊन बसायची हौस. करिंथकरांस पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात, परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही देव करील असं वचन आहे, आणि आपण वाट बघतो की उपाय म्हणजे आकाशातून काहीतरी ताकद येईल, अहो तुमचा उपाय रेल्वेने केव्हाच रंगवून ठेवलाय.

विचार लगेच जाणार नाहीत. विचार आला म्हणजे पाप झालं असं नाही, याकोब पण आपल्या पत्रात वासना आणि पाप यांच्यामधे एक गर्भारपण ठेवतो. एकटेपण खरं आहे तुमचं, ते डबा बदलून जाणार नाही. मिस्टरांची सुट्टी असेल त्या दिवशी मुलांना आजीकडे सोडा आणि दोघं तलावपाळीला एक चक्कर मारा, सुरुवातीला बोलायला काही सुचणार नाही, भेळ खा. आणि हे एखाद्या मोठ्या, तोंड बंद ठेवणाऱ्या बाईला सांगा. महिला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘प्रेयर रिक्वेस्ट’ म्हणून टाकू नका हं, जेवायच्या आत अर्ध्या ठाण्याला कळेल.

प्रश्न : ठाणे. दारू सोडून चार महिने झाले, देवाची कृपा. २४ तारखेला मेव्हण्याकडे पार्टी असते, सगळे म्हणतात एका पेगने काय होतं, आणि येशूने पण पाण्याचा द्राक्षारस केला होताच ना. काय सांगू?

उत्तर : काना गावच्या लग्नात केला होता, तुमच्या मेव्हण्याच्या हॉलमधे नाही. या वादात पडूच नका. एदेन बागेत हव्वेने सापाशी चर्चा सुरू केली तिथेच बिघडलं. रानात चाळीस दिवसांच्या उपाशी पोटी येशूने सैतानाशी चर्चा केली नाही, तीन वेळा एकेक ओळ ऐकवली, तिन्ही बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या, आणि विषय संपवला. आणि लूक म्हणतो की तरीही सैतान गेला तो संधी मिळेपर्यंतच. तुमची संधी २४ तारखेची आहे, तारीख आधीच माहितीये हे बरंच झालं.

तुम्हाला एकच ओळ पुरे, ‘मी घेत नाही.’ अँटिबायोटिक्स चालू आहेत वगैरे सांगू नका, गोळ्या संपल्या की ते परत ग्लास पुढे करतील. एए च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला जात असाल तर त्या आठवड्यात जास्त जा, नसाल तर सुरू करा, १९३५ पासून ही माणसं एकमेकांना एक-एक दिवस धरून ठेवतायत. (पत्रात पुढे लिहिलंत तशी तुम्ही डॉक्टरला विचारून सोडलीत हे चांगलं केलंत. बाकी वाचकांना सांगते, रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत बंद केली तर फिट येऊ शकते, जीवावर बेततं, प्रार्थना आणि डॉक्टर दोन्ही लागतात.)

पार्टीला पोटभर जेवून जा. जाताना उशिरा, निघताना लवकर, रात्रीची उपासना आहे म्हणा, आहेच की. गाडीची चावी स्वतःच्या खिशात ठेवा आणि मिसेसना घरीच सांगून ठेवा, मी तुझ्याकडे पाणी मागितलं की पर्स उचलायची, कारण विचारायचं नाही. केक पार्सल मिळतो.